बोआझकालेचं पेव

संस्कृत शिकवणाऱ्यांच्या पोतडीत काही हुकमी गोष्टी असतात. वर्ग पेंगायला लागला की त्यातली एक बाहेर काढायची. माझी हुकमी गोष्ट होती बोगाझकोईची. एका तालुक्याच्या गावी मी बत्तीस वर्षं संस्कृत शिकवलं. ऋग्वेदाची सूक्तं सुरू झाली की दरवर्षी एकदा तरी सांगत असे, ‘पोरांनो, आपले मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे अश्विनीकुमार, यांची नावं थेट तुर्कस्तानात सापडली आहेत. बोगाझकोई नावाच्या खेड्यात, मातीच्या पाटीवर, जवळजवळ चौतीसशे वर्षांपूर्वीची.’ मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करत. मग मी पुढच्या ऋचेकडे वळत असे. त्या खेड्यात काय पिकतं, तिथं कोण राहतं, ती पाटी तिथं आली कशी, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

निवृत्तीनंतर, २०१३ च्या सप्टेंबरात, मी आणि माझी पत्नी तुर्कस्तानला गेलो. मुलानं आखून दिलेल्या कार्यक्रमात इस्तंबूल होतं, अंकारा होतं. बोगाझकोई नव्हतं. ते मी घुसडलं. अंकाराहून पूर्वेकडे जाणारी बस पकडायची, सुंगुर्लू नावाच्या गावी उतरायचं आणि पुढचे तीसेक किलोमीटर लहान गाडीनं जायचं. या गाडीला तिकडे ‘दोलमुश’ म्हणतात. माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही. आपल्या वडापची सख्खी बहीणच म्हणा ना. शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर लाल मिरच्यांची पिशवी होती आणि ड्रायव्हर वाटेत दोनदा थांबून कुणाकुणाचे निरोप पोचवत होता. सगळं ओळखीचं.

बाहेरचा मुलूख मात्र ओळखीचा नव्हता. समुद्रसपाटीपासून हजारेक मीटर उंचीचं ते पठार. झाडं फार कमी. जिथवर नजर जाईल तिथवर उतरती-चढती शेतं, आणि गहू निघून गेल्यामुळं सगळीकडे पिवळं धसकट. मधूनच ओलिताखालचा एखादा हिरवा पट्टा दिसे, त्यात साखरेचं बीट. बाकी पीक पावसावर आणि हिवाळ्यातल्या बर्फावर. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढं ते लागणार आहे.

आपल्या पुस्तकांत ‘बोगाझकोई’ छापतात, पण तिकडच्या उच्चारात तो ‘ग’ जवळजवळ गळून जातो. ‘बोआझ’ म्हणजे खिंड आणि ‘कोय’ म्हणजे खेडं. पुढं खेड्याचं लहानसं शहर झालं, तेव्हा नाव बदलून बोआझकाले केलं. ‘काले’ म्हणजे किल्ला. आज ते चोरूम प्रांतातलं तालुक्याचं ठिकाण आहे, पण वस्ती हजार-दीड हजारांची. एक मोठा रस्ता, एक मशीद, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, चहाची दोन-तीन दुकानं आणि त्यांच्या दारात दिवसभर बसलेली वयस्कर मंडळी. तरुण माणसं कमी दिसली. पोटासाठी ती अंकाराला, चोरूमला, काही तर पार जर्मनीला गेलेली.

उतरल्या उतरल्या सौभाग्यवतींचं लक्ष गेलं ते घरांच्या गच्च्यांकडे. तिथं कापडांवर काहीतरी पिवळसर वाळत घातलं होतं. चौकशी केली तर कळलं, की गहू उकडून, वाळवून, मग भरडायचा आणि वर्षभर भातासारखा शिजवून खायचा. त्याला ते ‘बुलगुर’ म्हणतात. हे वाळवण सप्टेंबरातच चालतं. दुकानातून आम्ही कागदाच्या पुडीत भाजलेले हरभरे घेतले. चोरूमचे हरभरे सगळ्या तुर्कस्तानात नावाजलेले, ‘लेबलेबी’ म्हणतात. पहिला घास तोंडात टाकताच ती म्हणाली, ‘अहो, हे तर आपले फुटाणे!’ मी चार देवांच्या शोधात आलो होतो. तिला पहिल्या अर्ध्या तासात वाळवण आणि फुटाणे सापडले. तिचा शोध जास्त मोलाचा होता हे कळायला मला आणखी एक दिवस लागला.

गावातली शेवटची घरं संपतात तिथंच हत्तुशाचे अवशेष सुरू होतात. हत्तुशा म्हणजे हित्ती लोकांची राजधानी. इसवी सनापूर्वी साधारण १६५० पासून १२०० च्या थोडं पुढेपर्यंत या उंचसखल डोंगरउतारावर एका साम्राज्याचा कारभार चालत होता. त्या साम्राज्याला इजिप्तचे फेरो बरोबरीचं समजत. सुमारे १८० हेक्टरांचं शहर, भोवती मैलोन् मैल तटबंदी, दरवाजांवर दगडी सिंह आणि स्फिंक्स. दक्षिण टोकाला येरकापी नावाचा प्रचंड मातीचा बांध आहे आणि त्याच्या पोटातून जाणारा ७१ मीटर लांबीचा दगडी भुयारी रस्ता. त्यातून आजही ताठ मानेनं चालत जाता येतं. अलीकडेच, २०२२ साली, या भुयाराच्या दगडांवर रंगानं काढलेली चित्रलिपीतली चिन्हं लक्षात आली. शंभर वर्षं संशोधक तिथून ये-जा करत होते!

एवढं मोठं राज्य जगाच्या आठवणीतून पार पुसून गेलं होतं. १८३४ साली शार्ल तेक्सिए हा फ्रेंच प्रवासी इथं आला, अवशेष पाहून थक्क झाला, पण हे कुणाचं शहर ते त्याला सांगता आलं नाही. त्याचा छडा १९०६ मध्ये लागला. बर्लिनचे ह्यूगो विंकलर आणि इस्तंबूलच्या संग्रहालयाचे थिओडोर माक्रिदी यांनी खणायला सुरुवात केली आणि कीलाक्षरी लिपीतल्या मातीच्या पाट्या टोपल्यांनी बाहेर येऊ लागल्या. पाट्या वाचण्यात विंकलर वाकबगार, पण खणण्याच्या शिस्तीत यथातथाच. ते झोपडीत बसून वाचत राहायचे आणि गावकरी मजूर पाट्या आणून द्यायचे. कुठली पाटी कुठल्या खोलीत, कुठल्या थरात सापडली, याची नोंद पुष्कळदा राहिलीच नाही. ते नुकसान पुढच्या पिढ्यांना भरून काढता आलेलं नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एक पाटी हाती आली. हित्ती राजा हत्तुशिली तिसरा आणि इजिप्तचा रामसेस दुसरा यांच्यात इसवी सनापूर्वी १२५९ च्या सुमारास झालेल्या तहाची ती प्रत होती. याच तहाची दुसरी प्रत इजिप्तमधल्या देवळाच्या भिंतीवर आधीपासून माहीत होती. दोन्ही जुळल्या आणि हे शहर हत्तुशाच, यात शंका उरली नाही. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत या तहाची प्रतिकृती लावलेली आहे. तुर्कस्ताननं ती १९७० मध्ये भेट दिली.

पण बऱ्याच पाट्यांची लिपी वाचता येत होती, भाषा कळत नव्हती. ते कोडं १९१५ मध्ये बेदझिख ह्रोझनी या चेक पंडितानं सोडवलं, आणि तेही एका साध्या वाक्यावरून. त्या वाक्यात ‘भाकरी’ या अर्थाचं चिन्ह होतं, ते ओळखीचं. भाकरीजवळचं क्रियापद ‘खाणे’ असणार, असा त्यांनी कयास बांधला. ‘एझ्झा’ हे त्याचं रूप. संस्कृतातला ‘अद्’ धातू आठवा. पुढं ‘वातार’ हा शब्द, आणि तो पाण्यासाठी. भाकरी खा, पाणी प्या, एवढ्याच अर्थाच्या वाक्यानं एक मेलेली भाषा बोलू लागली आणि ती आपल्या संस्कृतच्या, ग्रीकच्या, लॅटिनच्या कुळातली निघाली. हा प्रसंग मी वर्गात सांगितला होता का? नाही. मला त्यातला ‘अद्’ तेवढा दिसला होता. भाकरी दिसली नव्हती.

आता त्या चार देवांकडे येतो. कारण तिथंच माझी चूक होती, आणि ती मी एकट्यानं केलेली नाही. आपल्याकडे अनेकांची अशी समजूत असते, की या गावात एके काळी वेद म्हणणारे लोक राहत होते. तसं नाही. हित्तींचे देव वेगळे. स्वतः ते ‘हत्ती देशाचे हजार देव’ असं म्हणत आणि जिंकलेल्या प्रत्येक मुलखाचे देव त्यात सामील करून घेत. आपल्या तेहतीस कोटींपुढं हजार म्हणजे किरकोळच, पण वृत्ती तीच. गावापासून दोनेक किलोमीटरवर याझिलिकाया इथं उघड्या कातळावर या देवदेवतांची मिरवणूकच कोरलेली आहे. पुरुषदेव एका बाजूनं, देवी दुसऱ्या बाजूनं, आणि मध्ये पर्जन्यदेव तेशुब आणि हेबात समोरासमोर. तिथं इंद्र नाही, वरुण नाही.

मित्र-वरुणांची नावं आहेत ती एका तहनाम्यात. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात आजच्या उत्तर सीरियात मितान्नी नावाचं राज्य होतं. तिथली प्रजा हुरी भाषा बोलणारी, पण राजांची काही नावं आणि घोड्यांच्या विद्येतले काही शब्द मात्र संस्कृतच्या जवळचे. त्या राज्यात राजाचा खून झाला, घरात बेबंदशाही माजली आणि शत्तिवाझ नावाचा राजपुत्र परागंदा होऊन हित्ती राजा सुप्पिलुलियुमा पहिला याच्या आश्रयाला आला. सुप्पिलुलियुमानं त्याला आपली मुलगी दिली, गादीवर बसवलं आणि मांडलिक करून घेतलं. त्या तहाला साक्षीदार म्हणून दोन्हीकडच्या देवांची लांबलचक यादी आहे. मितान्नींच्या यादीत तेशुब आणि इतर बरेच देव होऊन गेल्यावर, खाली, मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य येतात. तहाची प्रत हत्तुशाच्या दप्तरात ठेवली गेली, म्हणून ती तिथं सापडली. आपले देव त्या गावी राहायला नव्हते. ते एका आश्रित राजपुत्राबरोबर, साक्ष द्यायला आले होते.

यामुळं त्या पाटीचं महत्त्व रतीभरही कमी होत नाही. उलट प्रश्न जास्त खोल होतो. तिथल्याच आणखी एका ग्रंथाची गंमत बघा. किक्कुली नावाच्या मितान्नी अश्वशिक्षकानं रथाचे घोडे कसे तयार करावेत हे दिवसवार सांगितलं आहे. त्यात फेऱ्यांचे आकडे येतात: ऐक, तेर, पन्झ, सत्त, न. एक, तीन, पाच, सात, नऊ. ‘सत्त’ हा उच्चार मराठी कानाला किती जवळचा वाटतो! हे मी वर्गात सांगत असे आणि अजूनही सांगेन. फक्त ‘ते लोक आपले होते’ असं जे मी आवाज चढवून म्हणत असे, ते म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला अवशेष दाखवायला गावातलेच एक गृहस्थ आले. वय साठीच्या पुढं, डोक्यावर कापडी टोपी. स्वतःची गव्हाची आणि हरभऱ्याची थोडी जमीन, आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत उत्खननावर मजुरी. वडीलही तेच करत, आजोबाही. १९३१ साली कुर्ट बिटेल यांनी जर्मन पुरातत्त्व संस्थेतर्फे इथं पद्धतशीर उत्खनन सुरू केलं, आणि महायुद्धाच्या सुमाराचा खंड सोडला तर ते आजवर चालू आहे. या गावात अशी घरं पुष्कळ आहेत. काकांना (मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणू लागलो होतो) जर्मन थोडंफार येत होतं, इंग्रजी अजिबात नाही. त्यांचा कॉलेजात शिकणारा नातू दुभाषा झाला.

मी पहिला प्रश्न विचारला, तहाच्या पाट्या कुठं सापडल्या? त्यांनी राजवाड्याच्या टेकडीकडे, ब्युक्कालेकडे, हात केला आणि म्हणाले, ‘तिकडे जाऊ. पण आधी हे बघा.’ आणि खालच्या शहराच्या तटापाशी नेलं. तिथं बघण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. बुजवलेली जमीन, थोडे दगड. ते म्हणाले, ‘इथं धान्य होतं.’

१९९० च्या दशकाच्या अखेरीस या ठिकाणी जमिनीखालचं एक प्रचंड कोठार सापडलं. दोन रांगांत मिळून ३२ कोठ्या. तळाला फरसबंदी, त्यावर गवत-पेंढ्याचा थर, वर धान्य, आणि सगळ्यावर मातीचा जाड लेप, हवा आत जाऊ नये म्हणून. काही हजार टन धान्य मावावं एवढी जागा. इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकात केव्हातरी ते जळालं, आणि जळाल्यामुळंच जव आणि गहू कोळसा होऊन टिकले. पलीकडे ब्युक्काया नावाच्या कड्यावर नंतरच्या काळातले असेच खड्डे आहेत, त्यांतले काही एखाद्या दिवाणखान्याहून मोठे.

काका समजावून सांगत होते, की हवा कोंडली की आतले किडे मरतात, वरच्या थराला थोडं मोड येतं, ते कुजतं, पण खालचं धान्य वर्षानुवर्षं राहतं. नातू इंग्रजीत सांगत होता, पण मला भाषांतराची गरज उरली नव्हती. मी ते पाहिलेलं होतं. माझ्या आजोळी वाड्याच्या अंगणात ज्वारीचं पेव होतं. तळाशी कडबा, वर तोंडावर फरशी, तिच्यावर शेणमाती. उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल, असं आजोबा सांगत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध होती, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण ज्यांनी पेव पाहिलं ती माणसं आता थोडीच राहिली.

त्या बुजवलेल्या कोठारापाशी उभं राहिल्यावर हत्तुशाच्या पाट्या मला वेगळ्या दिसू लागल्या. म्हणजे मी वाचलेलंच होतं सगळं, पण नजर देवांच्या नावांवरून सरकत नव्हती. आता भुकेचं प्रकरण दिसू लागलं. या शहराचा इतिहासच भुकेनं सुरू होतो. हित्ती राज्य उभं राहण्यापूर्वी, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकात, अनित्ता नावाच्या राजानं हत्तुशाला वेढा दिला. त्यानं स्वतःच नोंदवून ठेवलं आहे, की शहर उपासमारीनं जेर झालं, तेव्हा ते रात्रीतून घेतलं, त्या जागी तण पेरलं आणि पुन्हा इथं वस्ती करणाऱ्याला शाप दिला. शेतकऱ्याच्या जमिनीत तण पेरण्याहून मोठा शाप कोणता? शंभर-सव्वाशे वर्षांत एका राजानं तो शाप झुगारून इथंच राजधानी केली आणि स्वतःला ‘हत्तुशिली’, हत्तुशाचा माणूस, म्हणवून घेतलं.

हित्तींच्या कायद्यात साधारण २०० कलमं आहेत आणि त्यांतली कितीतरी शेतातली आहेत. नांगर चोरला तर काय, दुसऱ्याच्या उभ्या पिकाला आग लागली तर काय, द्राक्षवेल तोडली तर काय. एक कलम मला फार आवडतं. कुणाचे बैल दुसऱ्याच्या शेतात शिरले, तर शेताच्या मालकानं ते दिवसभर आपल्या कामाला जुंपावेत आणि आकाशात चांदण्या दिसू लागल्या की परत हाकलून द्यावेत. आपल्याकडे कोंडवाडा होता, दंड भरून जनावर सोडवून आणायचं. त्यापेक्षा हा न्याय किती सोयीचा! पीक खाल्लं ना, मग नांगर ओढ. दुसरा मुर्शिली हा राजा महामारीच्या काळात देवांची आळवणी करतो, तेव्हाही मुद्दा हाच मांडतो, की नांगरणारे मेले, दळणारे मेले, तर हे देवांनो, तुमच्या नैवेद्याची भाकरी भाजणार कोण?

आणि शेवट? तोही तसाच. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात राणी पुदुहेपा रामसेसला लिहिलेल्या पत्रात आपल्या मुलखात धान्य उरलं नसल्याचं सांगते. पुढचा फेरो मेर्नेप्ताह नोंदवून ठेवतो, की हत्ती देश जिवंत राहावा म्हणून आपण जहाजांनी धान्य पाठवलं. काही दशकांपूर्वी ज्यांनी कादेशच्या मैदानावर इजिप्तशी रथांची लढाई केली, त्यांच्यावर ही पाळी. मग १२०० नंतर थोड्याच वर्षांत राजधानी ओस पडली. पूर्वी वाटे, की शत्रूनं लुटून जाळली. पण खणल्यावर दिसलं, की देवळं आणि वाडे आगीच्या आधीच रिकामे झालेले होते. भांडीकुंडी, चीजवस्तू, सगळं आवरून माणसं निघून गेली होती. २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक संशोधन प्रसिद्ध झालं. हत्तुशापासून बरंच पश्चिमेला असलेल्या गोर्डियन इथल्या थडग्यातली ज्युनिपरची लाकडं तपासून, त्यांच्या वाढीच्या वर्तुळांवरून इसवी सनापूर्वी ११९८ ते ११९६ अशी लागोपाठ तीन वर्षं कडक दुष्काळ होता, असं त्यात दाखवलं आहे. एक वर्ष कोठारावर निघतं. दुसरं कसंबसं. तिसऱ्या वर्षी कोठाराचा तळ दिसतो. दुष्काळ एवढंच कारण होतं असं अभ्यासकही म्हणत नाहीत. स्वाऱ्या होत्या, घराण्यात भांडणं होती. पण समुद्रापासून दूर, जहाज ज्याच्या दारात येऊ शकत नाही अशा शहराला सलग तीन कोरडी वर्षं काय करतात, हे मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पाण्याची हुशारी त्यांच्याकडे नव्हती असं नाही. शहरात दगडी बांधाची मोठमोठी तळी होती. बोआझकालेच्या उत्तरेला पंचवीस-तीस किलोमीटरवर अलाजाहोयुक इथं गोलपिनार नावाचं हित्तीकालीन धरण आहे, तेराव्या शतकात बांधलेलं. गाळ काढून, दुरुस्त करून त्याचं पाणी एकविसाव्या शतकात पुन्हा शेतीला दिलं गेलं. मला ते धरण बघायला वेळ झाला नाही, याची हळहळ अजून आहे.

गावातल्या संग्रहालयात मात्र गेलो. १९६६ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय लहानसंच आहे. तहाची पाटी इस्तंबूलला, बऱ्याच पाट्या अंकाराला. पण दारातून आत गेल्यावर दोन मोठे स्फिंक्स समोर येतात, आणि काकांनी तिथं टोपी काढली. त्यामागं कथा आहे. स्फिंक्स दरवाजाच्या आतल्या बाजूचे हे दोन पुतळे पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, दुरुस्तीसाठी बर्लिनला नेले. एक १९२४ मध्ये परत आला आणि इस्तंबूलला राहिला. दुसरा बर्लिनच्या संग्रहालयातच राहिला. १९८७ मध्ये पूर्व जर्मनीनं ७,४०० पाट्या परत केल्या, पण स्फिंक्स दिला नाही. शेवटी तुर्कस्ताननं, स्फिंक्स द्या नाहीतर उत्खननाचा परवाना रद्द करतो, असं बजावलं, आणि २०११ मध्ये तो परत आला. आता दोघे शेजारी शेजारी बसले आहेत आणि दरवाजावर त्यांच्या प्रतिकृती आहेत. काका म्हणाले, ‘माझे आजोबा सांगत, पेट्यांत घालून गाड्यांवरून नेले. दुरुस्तीला नेलेली वस्तू चौऱ्याण्णव वर्षांनी आली.’ ते सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. सुताराकडं दिलेला नांगर उशिरा मिळाल्यावर शेतकरी जसा बोलेल, तसं ते बोलत होते.

शहराच्या दाराशीच तटबंदीचा ६५ मीटरांचा एक तुकडा २००३ ते २००५ या काळात जुन्या पद्धतीनं पुन्हा बांधलेला आहे. माती, पेंढा आणि पाणी कालवून, उन्हात वाळवलेल्या हजारो कच्च्या विटा. त्या पाडणाऱ्यांत काकाही होते. ‘अभ्यासकांना हिशेब करायचा होता, किती माणसं, किती दिवस लागतात त्याचा,’ ते म्हणाले, ‘वीट कशी पाडायची ते आम्हाला माहीत होतं. माझं जुनं घर त्याच विटेचं आहे.’ दर दोन-चार वर्षांनी पाऊस-बर्फानं भिंतीचा गिलावा उतरतो आणि पुन्हा लिंपावा लागतो. आपल्याकडे दिवाळीपूर्वी बायका भिंती सारवायच्या, तसंच.

मातीतून अजून काय काय निघेल, सांगता येत नाही. १९०६ पासून आजवर पाट्या आणि तुकडे मिळून सुमारे तीस हजार झाले. २०२३ च्या हंगामात एका विधीच्या पाटीत काही ओळी अशा सापडल्या, की त्या आजवर कुणाला ठाऊक नसलेल्या भाषेतल्या निघाल्या. ‘कलाश्मा देशाची भाषा’ असं त्या पाटीतच म्हटलं आहे, आणि तीही आपल्याच भाषाकुळातली. ही बातमी वाचली तेव्हा मला काकांची आठवण झाली. ती पाटी उचलणारे हात त्यांच्या घरातले असतील का?

संध्याकाळी त्यांनी आम्हाला घरी नेलं. त्यांच्या पत्नीनं बुलगुर, दही आणि टोमॅटो-मिरचीची भाजी वाढली. दोघी बायका खुणांच्या भाषेत बुलगुर किती वेळ उकडायचा यावर तासभर बोलल्या, आणि दोघींना सगळं समजलं. मी नातवाला विचारलं, शिकून झाल्यावर काय करणार? तो म्हणाला, अंकाराला नोकरी. जमीन? त्यानं आजोबांकडे पाहिलं आणि भाषांतर केलं नाही.

निघताना काकांनी विचारलं, ‘तुमच्याकडे धान्य कसं साठवतात?’ मी त्यांना पेवाचं वर्णन सांगितलं. कडबा, फरशी, शेणमाती, कंदील. ते लक्षपूर्वक ऐकत होते. कंदिलाची गोष्ट त्यांनी नातवाकडून दोनदा सांगून घेतली, मान डोलावली आणि विचारलं, ‘ते अजून आहे का?’

मी म्हणालो, बुजवलं. त्यावर आता मोटार उभी असते.